शेतकऱ्यांच्या विद्येचे कैवारी : डॉ. पंजाबराव देशमुख

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे असा प्रघात आहे, आणि यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. चरित्रनायक आपल्याच समाजातील असावा असा काही सभासदांचा आग्रह असतो. तो आग्रह अस्वाभाविक नाही. तथापि खापा आणि आसपासच्या खेड्यांतील आपली बहुतेक कुटुंबे आजही शेतीवर अथवा शेतीच्या आधाराने जगतात, आणि विदर्भातील शेतकऱ्याच्या घरावर ज्या पुरुषाचे ऋण जात न पाहता सर्वत्र सारखे आहे, असे नाव शोधू लागले की ते कै. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांच्यापाशी येऊन थांबते. म्हणून आम्ही त्यांचे चरित्र निवडले. त्यातही शेतकऱ्यास शेतीची विद्या मिळावी, आणि ती देणारा माणूस नीट शिकून तयार व्हावा, यासाठी त्यांनी जे केले त्यावर आम्ही विशेष भर देणार आहोत. त्यांच्या शिक्षणसंस्थांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. या दुसऱ्या कार्याची आठवण मात्र पुसट होत चालली आहे.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. वडील शामराव आणि आई राधाबाई. घर शेतकऱ्याचे. त्या काळी वऱ्हाडातील खेड्यात शिकण्याची सोय चार इयत्तांपलीकडे क्वचितच असे. त्यामुळे पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती असा मुक्काम हलवीतच या मुलास शाळा पुरी करावी लागली. शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचे जेवणाखाण्याचे आणि निवाऱ्याचे हाल कसे होतात, हे त्यांनी अशा रीतीने लहानपणीच अनुभविले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात काही काळ शिकून ते १९२० साली विलायतेस गेले.

तेथे त्यांनी केलेला अभ्यास पाहिला म्हणजे मन थक्क होते. एडिंबरो विद्यापीठात त्यांनी संस्कृतचा उच्च अभ्यास केला, बॅरिस्टरची परीक्षा दिली, आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. हा प्रबंध पुढे १९३३ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एवढी विद्वत्ता घेऊन परतलेल्या तरुणास एखाद्या विद्यापीठात सन्मानाची जागा मिळणे अवघड नव्हते. परंतु १९२६ साली मायदेशी आलेल्या पंजाबरावांनी अमरावतीसच ठाण मांडले आणि वकिलीबरोबर शेतकऱ्यांचे काम हाती घेतले. वेदांवर प्रबंध लिहिणाऱ्या पंडिताने आपले उरलेले आयुष्य ज्यांस अक्षरओळखही नव्हती अशा लोकांसाठी वेचावे, हा या चरित्रातील पहिला आणि मोठा धडा आहे.

कामास आरंभ झाला तो वसतिगृहापासून. स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने त्यांनी अमरावतीत छात्रालय उघडले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांस एकत्र राहण्याची व एका पंक्तीस जेवण्याची सोय केली. ते साल १९२७ होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्याच सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून जो लढा झाला, त्यात ते अग्रभागी होते. त्यांचा स्वतःचा विवाहही जातीबाहेर झाला. पत्नी विमलाबाई यांनी त्यांस सर्व कार्यांत आयुष्यभर साथ दिली. १९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. तेव्हा सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढविणे ही दोन्ही कामे त्यांनी लोकांची नाराजी पत्करून केली. एका जातीच्या मंडळाच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. आपल्या माणसांस वर आणावयाचे ते इतरांस खाली ठेवून नव्हे, एवढे या चरित्रावरून आपण घेतले तरी पुष्कळ झाले.

१९३० साली पंजाबराव मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून आले आणि शिक्षण व शेती ही खाती सांभाळणारे मंत्री म्हणून नागपुरास आले. तो काळ जागतिक मंदीचा होता. कापसाचे भाव कोसळले होते आणि सावकाराच्या वहीत शेतकऱ्यांच्या जमिनी एकामागून एक जात होत्या. १९३३ च्या कर्जलवाद कायद्यामागे त्यांचे श्रम होते. या कायद्याने सावकार आणि ऋणको यांस मंडळासमोर बसवून कर्जाची तडजोड करण्याची वाट काढून दिली. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडले. याच सुमारास त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि तिच्या शाळा व महाविद्यालये पुढे विदर्भभर पसरली.

नागपुरातील त्या वर्षांत शेतीखात्याचे काम त्यांनी जवळून पाहिले. येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आपल्या भागात शेतकी शिक्षणाचा अभाव होता असे नाही. नागपूरचे शेतकी महाविद्यालय १९०६ सालापासून चालू आहे, आणि महाराजबागेची हिरवळ पाहण्यास गेलेल्या प्रत्येकाने त्याची इमारत पाहिलेली असते. सरकारी फार्मावर चांगले बी तयार होई, प्रयोग होत, अहवाल निघत. परंतु तेथून पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण सरकारी नोकरीत जाई, आणि फार्मावरचे बी फार्माच्या तारेबाहेर फारसे जात नसे. शेतकरी फार्म पाहून घरी येई आणि म्हणे की सरकारजवळ पैका आहे, मजूर आहेत, पाणी आहे, तेथे पीक येणारच. १९२६ साली नेमलेल्या शाही शेतकी कमिशननेही हा दोष ओळखला होता आणि प्रात्यक्षिक शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत करून दाखविण्यावर भर दिला होता. विद्या होती आणि शेतकरीही होता. उणीव होती ती या दोहोंमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाची. हा माणूस कसा तयार करावा, हाच पुढील तीस वर्षांचा प्रश्न ठरला.

देश स्वतंत्र झाला. घटना समितीचे सभासद म्हणून पंजाबरावांनी काम केले, आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अमरावतीहून लोकसभेवर निवडून येऊन ते केंद्र सरकारात शेतीखात्याचे मंत्री झाले. १९६२ पावेतो, म्हणजे दहा वर्षे, हे खाते त्यांच्याकडे होते. त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, देशात ५५ ठिकाणी समूह विकास योजना सुरू झाली, आणि वर्षभराने तिला जोडून राष्ट्रीय विस्तार सेवा आली. विस्तार हा शब्द आज रुळला आहे. विद्यापीठात आणि प्रयोगक्षेत्रावर जे ज्ञान सिद्ध झाले ते शेतापर्यंत पसरवावयाचे, आणि शेतातील अडचण उलट वाटेने प्रयोगक्षेत्रापर्यंत पोचवावयाची, असा त्याचा दुहेरी अर्थ आहे. अमेरिकेत शेतकी महाविद्यालयांनी ही प्रथा पाडली होती. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात १९४८ पासून तिचा प्रयोग झाला होता.

या योजनेचा पाया म्हणजे ग्रामसेवक. आरंभीच्या आराखड्यात एका विकास गटात १०० खेडी आणि पाच खेड्यांस एक ग्रामसेवक अशी कल्पना होती. विस्तार सेवेत पुढे दहा खेड्यांस एक असे प्रमाण आले. एवढे हजारो तरुण एकदम कोठून आणावयाचे आणि त्यांस शिकवावयाचे कोणी? फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने देशात ठिकठिकाणी विस्तार प्रशिक्षण केंद्रे निघाली, आणि ग्रामसेवकांस शेतीचे शिक्षण देण्याचा भार पंजाबरावांच्या खात्यावर पडला. प्रथम सहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता. तेवढ्यात शहरी वळणाचा मुलगा शेती शिकू शकत नाही हे लवकरच कळून आले, आणि पुढे तो वाढवीत दोन वर्षांचा करण्यात आला. उमेदवारास स्वतः औत हाकावे लागे, वाफे बांधावे लागत, खताचा खड्डा भरावा लागे, आणि मग खेड्यात राहून सभा घेणे, प्रात्यक्षिक दाखविणे, लोकांशी बोलणे यांचा सराव करावा लागे. स्त्रियांपर्यंत स्त्रीच पोचू शकते हे जाणून ग्रामसेविकांच्या शिक्षणासाठी गृहविज्ञानाचे निराळे विभागही जोडण्यात आले.

आम्ही उभा जन्म शिक्षकी केली असल्याने या अभ्यासक्रमाचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. वर्गातील मूल चुकले तर फळा पुसून पुन्हा लिहिता येते. शेतकरी चुकला तर त्याचे वर्ष जाते. म्हणून जो शेतकऱ्यास शिकवावयास निघाला त्याचे स्वतःचे शिक्षण कच्चे असून चालत नाही.

या शिक्षणाची कसोटी भाताच्या शेतीत लागली. १९५३ साली भातशेतीच्या जपानी पद्धतीची मोहीम देशभर सुरू झाली आणि पंजाबराव तिचे खंदे पुरस्कर्ते होते. ही पद्धत सांगावयास सोपी आहे. पऱ्हे उंच गादीवाफ्यावर टाकावयाचे, बी थोडे आणि निवडक घ्यावयाचे, रोवणी घोळक्याने न करता ओळीत आणि ठरावीक अंतरावर करावयाची, शेणखताबरोबर वरखताची मात्रा वेळेवर द्यावयाची, आणि ओळींतून हातकोळपे फिरवून निंदण काढावयाचे. यात नवे यंत्र जवळजवळ नव्हते. होते ते नवे वळण. ते वळण कागदावर वाचून लागत नाही. बांधीच्या चिखलात उभे राहून एकाने दोरी धरावी आणि दुसऱ्याने ओळ लावावी, तेव्हाच ते हातास बसते. भाताची रोवणी बहुधा बायाच करतात. तेव्हा ज्या गावी त्यांस समजावून सांगणारा कोणी गेलाच नाही, तेथे ही पद्धत रुजली नसल्यास नवल नाही. तरुण भारतीय शेतकऱ्यांनी जपानात जाऊन तेथील शेतकऱ्यांच्या घरी राहून काम करावे व शिकून यावे, या उपक्रमासही पंजाबरावांचा पाठिंबा होता. शेतकऱ्याचा उत्तम गुरू दुसरा शेतकरीच होय, ही त्यांची श्रद्धा होती.

या श्रद्धेतूनच त्यांनी ३ एप्रिल १९५५ रोजी भारत कृषक समाजाची स्थापना केली. सरकारी खाते वरून खाली शिकवीत असते. शेतकऱ्यांची आपली संस्था असली तर ते एकमेकांस शिकवतील आणि सरकारलाही चार गोष्टी ऐकवतील, असा त्यामागील विचार होता. याच संस्थेने ११ डिसेंबर १९५९ पासून नवी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. उद्घाटनास राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद होते, आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आपल्या देशाचा मंडप खुला केला. निरनिराळ्या राष्ट्रांनी आपली अवजारे, बियाणी, जनावरे आणि पद्धती तेथे मांडल्या. कित्येकांस हे प्रदर्शन म्हणजे केवळ डौल वाटला. परंतु ज्याने आपल्या तालुक्याबाहेर पाऊल टाकले नाही अशा शेतकऱ्यास डोळ्यांनी पाहिल्यावाचून पटत नाही, आणि एका जागी सारे जग दाखविणे हीही शिक्षणाचीच एक रीत आहे, हे टीकाकार विसरले. त्याआधीच, १९५० साली, पंजाबरावांनी अमरावतीस श्री शिवाजी लोकविद्यापीठ काढले होते. खेड्यातील तरुणास खेड्यातच उपयोगी पडेल असे उच्च शिक्षण द्यावे हा त्याचा हेतू होता, आणि १९५६ साली केंद्र सरकारने देशात ज्या निवडक ग्रामीण संस्था मान्य केल्या त्यांत त्याचा समावेश झाला.

चरित्र लिहिताना केवळ गुणगान करणे आम्हांस मान्य नाही. त्या दशकातील विस्तारकार्यात वैगुण्येही होती. ग्रामसेवकास शेती शिकविली खरी, पण गावी पाठविल्यावर त्याच्या गळ्यात शाळा, रस्ते, कुटुंबकल्याण, कर्जे आणि तक्ते भरणे अशी दहा कामे बांधली. १९५६ साली समूह विकासाचे मंत्रालय निराळे झाले. शेतीखाते शिक्षण देई आणि हुकूम दुसरे मंत्रालय सोडी, असा प्रकार घडू लागला. १९५९ साली तज्ज्ञ मंडळाने देशातील धान्यटंचाईवर अहवाल दिला, आणि त्यानंतर निवडक जिल्ह्यांत बियाणे, खत, कर्ज व सल्ला एकत्र देणारा सधन शेतीचा कार्यक्रम आला. महाराष्ट्रात त्यासाठी आपल्या शेजारचा धानाचा भंडारा जिल्हा निवडला गेला. म्हणजे पंजाबरावांच्या हयातीतच हे स्पष्ट झाले होते की शिकविलेल्या माणसास त्याचे शिकलेले काम करू दिले नाही, तर शिक्षणाचा खर्च पाण्यात जातो. हा दोष एकट्या मंत्र्याचा नव्हता. तथापि दहा वर्षे खाते हाती असूनही तो दूर झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

१९६२ साली मंत्रिपद गेले तरी लोकसभेचे सभासदत्व आणि कृषक समाजाचे काम चालू राहिले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर विदर्भास स्वतःचे कृषी विद्यापीठ मिळावे म्हणून मोठे आंदोलन झाले, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास जे विद्यापीठ स्थापन झाले त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. नागपूरचे जुने शेतकी महाविद्यालयही त्याच विद्यापीठात गेले.

त्यांनी ज्या वाटेस आरंभ केला ती पुढे लांबत गेली. ग्रामसेवक कालांतराने ग्रामपंचायतीच्या दप्तरात गुंतला आणि शेतीचे काम कृषी सहायकाकडे आले. १९७४ साली पाँडिचेरीस देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. तेथे शेतकऱ्यास हाताने करून शिकविण्यावर भर असतो, आणि आज अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. १९८० नंतरच्या दशकात प्रशिक्षण आणि भेट ही पद्धत आली. क्षेत्रावरच्या कर्मचाऱ्याने ठरलेल्या दिवशी तज्ज्ञांकडून शिकावे आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्यांकडे जाऊन सांगावे, असा तिचा शिरस्ता होता.

आणि हे सर्व आमच्या खाप्याहून किती दूर आहे? तासाभराच्या वाटेवर. राज्यातील कृषी अधिकारी-कर्मचाऱ्यांस विस्ताराचे शिक्षण देणारी वसंतराव नाईक यांच्या नावाची संस्था, जिला सर्वजण वनामती म्हणतात, ती नागपुरातच आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आणि लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८५ पासून नागपुरात आहेत. मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्य ठाणेही तेथेच आहे. कपाशी, संत्रा आणि काळी माती हीच कन्हानकाठची आपली शेती. देशातील फार थोड्या शेतकऱ्यांस आपल्या तिन्ही विषयांचे जाणते लोक इतके जवळ लाभले असतील.

तरीही कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी शिरली म्हणजे आपण कामगंध सापळा कोणता आणि कधी लावावा हे औषधविक्रेत्यास विचारतो. संत्र्यावर कोळशी पडली अथवा बुंध्यास डिंक्या लागला तरी त्याच्याच सल्ल्यावर चालतो, आणि त्याचा व्यवसाय विकण्याचा आहे हे विसरतो. याची किंमत काय पडते ते १९१७ अथवा १९४७ साली नव्हे, तर २०१७ साली दिसून आले. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधांची मिश्रणे, माणसाच्या डोक्यावर गेलेली दाट कपाशी, उघडे तोंड आणि उघडे हात अशी त्याची अनेक कारणे सांगितली गेली. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. फवारणीची पंप पाठीवर घेणाऱ्या माणसास कोणी एक दिवस बसवून शिकविले असते, तर त्यांतील काही जीव निश्चित वाचले असते. पंजाबरावांच्याच विदर्भात, त्यांच्या जन्मगावाच्या शेजारच्या जिल्ह्यात, त्यांच्या निधनानंतर अर्ध्या शतकाने हे घडले, ही गोष्ट आम्हांस फार लागते. धुऱ्यापर्यंत न पोचलेली विद्या म्हणजे काय, हे यापेक्षा निराळे सांगावयास नको.

म्हणून या चरित्राच्या निमित्ताने मंडळाच्या सभासदांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली अशी की, मंडळाची शिष्यवृत्ती वैद्यकी आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींस जशी मिळते, तशी ती कृषी पदविका व पदवी घेणाऱ्यांसही मिळावी, आणि त्यांत मुलींस प्राधान्य असावे. दुसरी, पेरणीपूर्वी आणि फवारणीपूर्वी अशी वर्षातून दोनदा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांस मंडळाने खाप्यास बोलवावे. सभा सभागृहात न ठेवता कोणाच्या तरी शेतात घ्यावी, आणि तीत आपल्या शेतावर राबणाऱ्या मजुरांस, मग ते कोणत्याही जातीचे असोत, अगत्याने बसवावे. तिसरी, प्रशिक्षणास जाऊन आलेल्या प्रत्येकाने परत आल्यावर निदान चार घरांस ते सांगण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे.

पहिल्या सूचनेस खर्च आहे. उरलेल्या दोहोंस केवळ इच्छा लागते. आपल्या घरातील तरुण शेतीपासून दूर जात आहेत याबद्दल आपण प्रत्येक सभेत हळहळ व्यक्त करतो. परंतु शेती हे शिकून करावयाचे काम आहे असे आपण त्यांस कधी दाखविले नाही, आणि अडाण्याचा धंदा म्हणून जे आपणच हिणविले त्याकडे त्यांनी तरी का वळावे? पंजाबरावांपाशी ऑक्सफर्डची पदवी होती, तरी शेतकरी म्हणवून घेण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. त्यांच्या जयंतीस, २७ डिसेंबर रोजी, तसबिरीस हार घालण्याबरोबर मंडळाने यांतील एका सूचनेचा जरी निर्णय केला, तरी हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू. इत्यलम्.